दोऱ्याने बांधलेली धमनी

हृदयविकाराचा इतिहास सांगणारे शिकागोच्या जेम्स हेरिक यांच्या १९१२ च्या निबंधाला मान देतात. हृदयधमनीत अचानक गुठळी झाली तरी रोगी जगू शकतो, हे त्यात होते. पण फारसे कोणी ऐकले नाही. मला पुढची सहा वर्षे अधिक मोलाची वाटतात. त्यांचे तरुण सहकारी फ्रेड स्मिथ यांनी कुत्र्यांच्या हृदयधमन्यांच्या फांद्या बांधून विद्युत्-आलेख घेतले. ‘टी’ लहर बदलताना दिसली. हे १९१८ साली छापून आले. शब्दांनी पटले नव्हते ते रेषेने पटले, आणि त्याची किंमत मुक्या जनावरांनी मोजली.

पण हातापायांवरून घेतलेला आलेख म्हणजे दाराबाहेरून ऐकलेले भांडण. नेमके कोणत्या खोलीत, ते कळत नाही. त्यासाठी हृदयालाच इलेक्ट्रोड लावायला हवेत. लंडनच्या थॉमस लुइस यांनी १९१५ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर बिंदूबिंदूने तसा नकाशा काढला होता. रक्त अडलेल्या हृदयात मात्र लहर ठोक्यागणिक वाट बदलते. सगळे बिंदू एकाच क्षणी टिपावे लागतात. ॲमस्टरडॅमच्या यान्से यांच्या गटाने १९८० मध्ये शरीराबाहेर धडधडत ठेवलेल्या डुकरांच्या आणि कुत्र्यांच्या हृदयांवर ६० ठिकाणे एकदम नोंदवली. अवेळी ठोके उगम पावत होते ते रक्त तुटलेल्या भागात नव्हे, तर त्याच्या सीमेला लागून असलेल्या धडधाकट भागात.