जुन्या फियाटचे नवे काळीज

आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या लग्नाची मोटार म्हणून चर्चच्या दारात जी गाडी उभी राहिली, ती फियाट होती. पुढच्या जाळीवर झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या फिती, आणि मागच्या आसनावर वधूचा झगा चुरगळू नये म्हणून अवघडून बसलेली करवली, हे चित्र मुंबई, पुणे, वसई आणि आमचे कोल्हापूर येथील जुन्या छायाचित्रसंग्रहांतून सारखेच आढळते. मात्र त्या गाडीच्या पुढील झाकणाखाली काय होते, याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. आम्हांला ती करावीशी वाटली, कारण आमच्या घरातील फियाटचे काळीज एकदा बदलले गेले आणि त्या बदलाची कथा आमच्या शहराच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारी बाहेर पडल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० येथे जुळू लागली. हीच गाडी १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नाव बदलले, दिवे बदलले, जाळी बदलली. इंजिन मात्र तेच राहिले. चार सिलिंडरांचे, १०८९ सी.सी.चे, ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर धावेचे हे इंजिन फियाटने १९३७ साली आपल्या ५०८-सी या मोटारीत प्रथम बसविले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जन्मलेले हे यंत्र, थोडेबहुत सुधारून, विसावे शतक मावळेपर्यंत कुर्ल्यात तयार होत राहिले. १९३७ साली त्याची शक्ती सुमारे ३२ अश्वशक्ती होती. आपल्याकडे ती चाळीसच्या आसपास पोहोचली. साठ वर्षांची ही प्रगती पाहून हसावे की त्या यंत्राच्या चिवटपणाला हात जोडावेत, हे आम्हांला अजून ठरविता आलेले नाही.

परवाना-पद्धतीच्या त्या काळात नवी मोटार नोंदवावी आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा रिवाज होता. परदेशी मोटार आणणे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून हाती असलेली गाडी मरू द्यायची नाही, हाच मध्यमवर्गाचा मोटारधर्म ठरला. पत्रा सडला तर जोडावा, सिलिंडर झिजले तर बोअर करून घ्यावेत, क्रँक घासून घ्यावा. आणि एवढे करूनही भागेना, तेव्हा संपूर्ण इंजिनच दुसरे बसवावे. ही शेवटची पायरी चढण्याचे धाडस ज्या शहरांनी केले, त्यांत कोल्हापूर अग्रभागी असावे, हा योगायोग नव्हे.

याचे मूळ उसाच्या मळ्यात आहे. पंचगंगेच्या काठचा ऊस पूर्वी बैलांच्या चरकावर गाळला जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुऱ्हाळावर आणि नदीकाठच्या पंपांवर तेलाची इंजिने आली. रस्टनसारख्या विलायती कंपन्यांची, मोठ्या चाकाची, संथ धापा टाकणारी. हंगाम ऐन भरात असताना असे इंजिन बंद पडले तर काहिलीतला रस वाया जाई आणि तोडलेला ऊस वाळू लागे. विलायतेहून सुटा भाग येईपर्यंत थांबणे शक्यच नव्हते. मग गावातला लोहार, सुतार, तांबट पुढे सरसावला. तुटलेला भाग पाहून लाकडी साचा करावा, वाळूत ओतावा, लेथवर कातावा आणि रातोरात मळ्यावर नेऊन बसवावा. आधी सुटे भाग झाले, मग अवघे इंजिनच येथे होऊ लागले. शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा आणि कारखाने या गरजेतून वाढले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावे आजही तेथे आदराने घेतली जातात. पाठीशी शाहू महाराजांच्या राज्याची उद्योगप्रीती होतीच. आणि शेजारी, १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरापासून आरंभ करून यंत्रविद्येची शाळाच उघडली होती.

आणखी एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ते मोटारीचे नाही. बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांना चित्रपट काढायचा होता. कॅमेरा परवडत नव्हता. आनंदराव १९१६ साली निवर्तले. तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने येथेच कॅमेरा तयार केला. १९२० साली पडद्यावर आलेला 'सैरंध्री' ही त्या खटाटोपाची फलश्रुती. ज्या गावात कॅमेरा घडविला जातो, त्या गावात फियाटला दुसरे इंजिन बसविणे ही काय मोठी गोष्ट, असे आमच्या मिस्त्रींना वाटले असल्यास नवल नाही.

पेट्रोलच्या भावांनी ही गोष्ट घरोघरी आणली. १९७३ चा तेलाचा पेच आणि १९९० चे आखाती संकट यांनी पेट्रोल कडाडले; डिझेल मात्र सरकारी धोरणाने स्वस्त राहिले. दोहोंच्या भावांतील ही दरी पुढे पुष्कळ वर्षे टिकली. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. त्या दरीतूनच डिझेल इंजिनांची वरात निघाली. साखरपट्ट्यातील जुन्या पेट्रोल जीपांना डिझेल इंजिने बसू लागली. मुंबईच्या भंगार बाजारातून जपानी बनावटीची वापरलेली इंजिने टॅक्सींसाठी सुटू लागली आणि तेथून ती आमच्याकडेही आली.

कारखानदारही याच वाटेने गेले, हे विसरता कामा नये. १९८५ साली प्रीमियरने '११८ एन.ई.' ही गाडी काढली. तिचा सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ चा आणि इंजिन निस्सानचे ११७१ सी.सी.चे. नावातील 'एन.ई.' ही अक्षरे त्या निस्सान इंजिनाचीच खूण. हिंदुस्थान मोटर्सने काँटेसामध्ये आणि नंतर ॲम्बॅसडरमध्ये इसुझूचे १८०० सी.सी.चे इंजिन घातले. अखेरच्या वर्षांत खुद्द पद्मिनीलाही इटालियन बनावटीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन मिळाले. कारखान्याने केले की त्याला 'नवे मॉडेल' म्हणायचे आणि गल्लीत केले की 'जुगाड', हा न्याय आम्हांला पटत नाही. फरक आहे, पण तो अन्यत्र आहे. आणि तो आम्हांला आंबोलीच्या घाटात कळला.

आमचे वडील डॉक्टर. १९६६ सालची फियाट त्यांनी जुनी म्हणून १९७८ मध्ये घेतली. खेडोपाडी रुग्ण पाहायला जाणे, रविवारी सर्वांना मिस्सेला नेणे आणि मे महिन्यात गोव्याचे आजोळ, असा तिचा दिनक्रम. १९९३ पर्यंत तिचे इंजिन दोनदा बोअर करून झाले होते. तिसऱ्यांदा करण्याइतकी भिंत सिलिंडरांना उरली नव्हती. पर्याय दोन होते. ११८ एन.ई.चे पेट्रोल इंजिन घालावे, किंवा जपानी डिझेल. मिस्त्रींचा कौल पहिल्याकडे होता. वडिलांनी इंधनाचा हिशेब मांडून दुसरे निवडले. मिस्त्री त्यावर एवढेच म्हणाले, "बशीवतो की डाक्टर, त्यात काय न्हाई. पर गाडी थांबायची जुन्याच ब्रेकावर न्हवं?" वडील हसले. आम्हीही हसलो.

इंजिन बदलणे म्हणजे दिव्याची काच बदलणे नव्हे. फियाटचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना; तेव्हा नवे इंजिन लांबीत उभे बसणारे हवे. ते ज्या पायांवर टेकायचे, ते रबरी माउंटिंगचे पाय नव्याने घडवावे लागले. फियाटला स्वतंत्र चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. म्हणून जेथे पाय वेल्ड करायचे तेथे आतून पट्ट्या मारून पत्रा जाड करावा लागला. इंजिनसोबत गिअरपेटी आली नव्हती. जुन्या पेटीशी त्याचा जोड जमेना, तेव्हा मध्ये बसविण्यासाठी एक जाड पोलादी चकती कातून घेतली. क्रँक आणि गिअरपेटीचा शाफ्ट एका रेषेत आले नाहीत, केसभर जरी हुकले, तर क्लच थरथरतो आणि बेअरिंग खाऊन टाकतो. म्हणून ती चकती तीनदा लेथवर चढली. खालची तेलाची परात स्टिअरिंगच्या दांड्याला अडत होती. ती कापून पुन्हा जोडली. रेडिएटर मोठा, बॅटरी मोठी, पुढच्या स्प्रिंगा अधिक ताठ. सहा आठवडे गेले. पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा साऱ्या गाडीला हुडहुडी भरली आणि आरसा निखळून पडला. पण ते सुरू झाले.

कागदांनी अधिक छळले. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो. तो बदलला की नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता हवी. ज्या दुकानदाराकडून इंजिन घेतले, त्याच्या पावतीवरील क्रमांकात एक आकडा चुकलेला निघाला. चोरीचा माल नव्हे हे सिद्ध करण्यासाठी वडिलांना दोनदा मुंबई गाठावी लागली. तेव्हा कुठे पुस्तकावर नवा क्रमांक आणि 'डिझेल' हा शब्द चढला.

१९९४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन होते. आम्ही पाच जण, डबे, वळकट्या आणि आजीची खुर्ची घेऊन आजऱ्यामार्गे निघालो. चढावर गाडी अशी चालली की वडील मिस्त्रींचे गुणगान करीत राहिले. आंबोली ओलांडून उतार लागला आणि चौथ्या-पाचव्या वळणानंतर जळकट वास येऊ लागला. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक, चाळीसेक अश्वशक्तीच्या हलक्या गाडीसाठी योजलेले. आता पुढे जड डिझेल इंजिन, त्यात पाच माणसे. आणि पेट्रोल इंजिन उतारावर पाय काढताच जसे गाडीला मागे खेचते, तसे हे खेचीना. ब्रेकचे पायताण आधी मऊ लागले, मग जमिनीला टेकले. वडिलांनी दुसऱ्या गिअरात आणून, हातब्रेक ओढीत, गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरीच्या बाजूला नाही, हे त्यांचे प्रसंगावधान. आजी जपमाळ म्हणत होती; तिने ती मध्ये थांबविली नाही. दोन तास आम्ही तेथे बसून होतो. ड्रम निवल्यावर पहिल्या गिअरात, बैलगाडीच्या चालीने, दाणोलीपर्यंत उतरलो. दर्शन दुसऱ्या दिवशी झाले.

कारखाना इंजिन बदलतो तेव्हा तोल, ब्रेक, स्प्रिंगा, दांडे यांचा हिशेब पुन्हा मांडतो आणि गाडी हजारो मैल पळवून पाहतो. फरक म्हणतो तो हाच. मिस्त्रींना तो ठाऊक होता, नाहीतर ते तो प्रश्न विचारते ना. परत आल्यावर त्यांनी एका शब्दाने टोचले नाही. पुढच्या ब्रेकची रुंदी वाढविता येईल काय, एवढेच ते पाहू लागले.

कायद्यानेही पुढे हात आवळला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २००० साली दुरुस्ती झाली आणि उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलांशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई झाली; इंधन बदलण्याच्या मान्यताप्राप्त संचांना तेवढी वाट मोकळी ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. काही कारागिरांना हा अन्याय वाटतो. आम्ही त्या घाटात बसलेलो असल्यामुळे आमचे मत थोडे निराळे आहे. तरी ज्या हातांनी ती चकती तीनदा कातली, त्यांना शिकायला आणि तपासून घ्यायला एखादी जागा कायद्याने ठेवायला हवी होती, असेही वाटते.

मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची होऊन रस्त्यावरून उतरली. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार लोक अजून वाट अडवून पाहतात. फियाटकडे तसे कोणी पाहत नाही.

आमचे मूळचे १०८९ सी.सी.चे इंजिन वडिलांनी भंगारात दिले नव्हते. ते गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवले होते. २००२ साली मिस्त्रींच्या मुलाने त्याच्या सिलिंडरांत नव्या लोखंडी बाह्या ठोकून ते पुन्हा गाडीत बसविले. आठ पाय पूर्वीच वेल्ड केलेले होते. त्यातले चार त्याने कापून काढले, चार तसेच ठेवले. पुस्तकावर जुना क्रमांक परत चढविण्यास या खेपेला एकच दिवस लागला. गाडी आता रविवारी चर्चपर्यंत जाते आणि परत येते.