चांदीचे कोंदण, तांबडा अकीक

१/ चांदीच्या अंगठीतील तांबडा अकीक आज श्रद्धेचे किंवा शोभेचे लेणे मानला जातो. परंतु दीर्घकाळ अशी अंगठी सहीचे काम करत असे. तिला लाभलेला मान बव्हंशी या कामातून आला. त्याचा हा मागोवा.

२/ संस्कृतात ‘मुद्रा’ म्हणजे शिक्का आणि अंगठीही. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात अमात्य राक्षसाची नाममुद्रा चाणक्याच्या हाती पडते. तिचा ठसा असलेल्या एका पत्रामुळे राक्षस स्वपक्षातच संशयित ठरतो. मुद्रा ज्याच्या हाती, शब्द त्याचा!

३/ शिक्क्यासाठी अकीकच का? हा दगड अत्यंत कठीण. त्यावरील बारीक अक्षरे सहसा झिजत नाहीत. शिवाय वितळलेली लाख त्याला चिकटत नाही. अक्षरे मात्र उलटी कोरावी लागत, तेव्हा कुठे ठसा सुलटा उमटे.

४/ आणि चांदीच का? इस्लामी परंपरेत पुरुषांना सोने वर्ज्य आहे. हदीसांनुसार, मोहर नसलेली पत्रे परकीय राजे स्वीकारत नाहीत असे कळल्यावर प्रेषित मुहंमद यांनी चांदीची मुद्रा घडवून घेतली. पुढे चांदीत जडवलेला अकीक, विशेषतः शिया पंथीयांत, पवित्र व रक्षणकर्ता मानला गेला.

५/ या दगडाचे एक प्राचीन उगमस्थान म्हणजे गुजरातेतील रतनपूरचा परिसर. गुजरातेत अकीक घडवण्याची परंपरा हडप्पा काळाइतकी जुनी. इसवी सनपूर्व सुमारे २५०० मधील, मेसोपोटेमियातील उर येथील राजदफनांत हडप्पा धर्तीचे अकीकाचे लांबट मणी सापडले आहेत.

६/ खाणीतला दगड बहुधा मळकट तपकिरी असतो. तो उन्हात वाळवून मडक्यांत घालून भाजला, की त्यातील लोहाचे रूपांतर होऊन लाली चढते. सोळाव्या शतकारंभी पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोसा यानेही या भागातील अकीक उद्योगाची नोंद केली आहे.

७/ रतनपूरला बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाचे हे श्रद्धास्थान. लोकपरंपरा बाबांचा संबंध अकीकाच्या व्यवसायाशी जोडते.

८/ रतनपूरचा दगड घडवला जातो तो खंभातला. तिथे तो चाकावर घासताना सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो. तो पूर्ण बरा करणारा उपचार नाही. विजेची चाके आल्यावर धूळ वाढली. काम बहुधा घरातच चाले. त्यामुळे बायकामुले आणि शेजारीही तिच्या कक्षेत आले.

९/ धारण करणाऱ्याचे रक्षण करतो अशी ज्याची ख्याती, तोच दगड घडवणाऱ्याचा श्वास हिरावून घेतो. संग्रहालयांतील अशा मुद्रांवर मालकांची नावे आजही वाचता येतात. तो खडा भाजणाऱ्या आणि घासणाऱ्या हातांची नावे मात्र क्वचितच कुठे कोरलेली आढळतात.