यजमान चेन्नई

चेन्नई बुद्धिबळाची राजधानी म्हणून आज ओळखली जाते. परंतु या कीर्तीचा प्रारंभ कोणत्याही भव्य सोहळ्याने झालेला नाही. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल एरन यांनी १९७२ साली मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात एक क्लब सुरू केला आणि त्याला माजी जगज्जेता मिखाइल ताल यांचे नाव दिले. आईकडून पहिल्या खेळ्या शिकलेला विश्वनाथन आनंद नावाचा मुलगा याच क्लबात घडला. १९८८ साली तो देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. पुढे २००७ पासून सलग सहा वर्षे जगज्जेतेपद त्याच्याकडे राहिले, पण त्यासाठीच्या लढती मेक्सिको सिटी, बॉन, सोफिया, मॉस्को अशा दूरदूरच्या नगरांत झाल्या. २०१२ च्या लढतीसाठी चेन्नईने बोली लावली होती. मान मॉस्कोला मिळाला.

अखेर २०१३ मध्ये तो योग आला. तमिळनाडू सरकारने २९ कोटी रुपयांची तरतूद केली. इतर शहरांना बोलीची संधी न देता चेन्नईची निवड झाली म्हणून नॉर्वेच्या बाजूने नाराजी व्यक्त झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येत नाही. आव्हानवीर मॅग्नस कार्लसनला प्रतिस्पर्ध्याच्या गावी खेळावे लागणार होते. प्रत्यक्षात घरच्या अंगणाचे ओझे यजमानाच्याच खांद्यावर पडले. ९ नोव्हेंबरला लढत सुरू झाली. पहिले चार डाव बरोबरीत सुटले. पाचवा आणि सहावा कार्लसनने जिंकला. नवव्या डावात आनंदने सर्वस्व पणाला लावून राजावर हल्ला चढवला. कार्लसनच्या प्याद्याचा वजीर झाला आणि शह बसला. तो अडविण्यासाठी उंट आणायचा, त्याऐवजी आनंदने घोडा मागे घेतला. प्रतिस्पर्ध्याची पुढची एकच खेळी पाहून त्याने डाव सोडला. काचेच्या भिंतीपलीकडे आपल्या माणसाचा पराभव पाहत बसलेल्या प्रेक्षकांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. २२ नोव्हेंबरला साडेसहा विरुद्ध साडेतीन गुणांनी मुकुट चेन्नईतच चेन्नईच्या हातून गेला.

त्या प्रेक्षकांत सात वर्षांचा दोम्माराजू गुकेश होता.

२०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर बुद्धिबळ ऑलिंपियाड रशियातून हलविण्यात आले. अवघ्या चार महिन्यांत चेन्नईने तयारी केली. नेपियर पूल पटासारखा काळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगविण्यात आला, वेष्टी नेसलेला ‘तंबी’ नावाचा घोडा स्पर्धेचे बोधचिन्ह झाला, आणि जवळच्या मामल्लपुरमला १८० हून अधिक संघ उतरले. भारताच्या दुसऱ्या संघाकडून पहिल्या पटावर गुकेशने आरंभीचे सलग आठ डाव जिंकले. दहाव्या फेरीत उझबेकिस्तानच्या अब्दुसत्तोरोवविरुद्धचा हाती आलेला डाव मात्र निसटला आणि संघाचे सुवर्णपदकही दुरावले. सुवर्ण उझबेकिस्तानला, कांस्य या तरुण संघाला. त्यात नागपूरचा रौनक साधवानी होता. महिलांच्या संघानेही कांस्यपदक मिळविले. त्यात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती, तर संघाची धुरा पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्याकडे होती.

दोन वर्षांनी गुकेशच जगज्जेतेपदाचा आव्हानवीर ठरला. समोर चीनचा डिंग लिरेन. चेन्नईने पुन्हा यजमानपद मागितले, दिल्लीही स्पर्धेत होती. जागतिक महासंघाने सिंगापूरला पसंती दिली. १२ डिसेंबर २०२४ रोजी चौदाव्या डावात डिंगच्या हातून चूक झाली आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. मुकुट चेन्नईला परत आला तो असा, परगावी जिंकून.