गाव नमुना सातमधील दृश्य व अदृश्य रकाने : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील जमीनविषयक इतिहासाचा अभ्यास कायद्यांच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. तथापि, ज्या कागदाच्या रूपाने तो कायदा शेतकऱ्याच्या हाती पडतो, त्या कागदाच्या आखणीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. सातबारा उताऱ्यातील रकाने संगणकाच्या पडद्यावर केव्हा दिसतात व केव्हा लपतात, एवढाच मर्यादित प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा, म्हणजेच १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात आला. भातशेती करणारी कुळे आणि डोंगरपट्ट्यातील ठाकर व कातकरी ही येथील जमीन कसणारी माणसे. कागदावरचे नाव मात्र पुष्कळदा दुसऱ्याचे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी सावकारीला शह देण्यासाठी याच भागात धान्यकोठ्या उभारल्या होत्या.

रकान्याचे वजन :
मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आणि त्याखालील १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळे ‘कूळ’ व ‘खंड’ या दोन शब्दांना विलक्षण महत्त्व आले. कसणाऱ्याचा मालकी हक्क त्या नोंदीवर अवलंबून राहू लागला. छापील नमुन्याची आखणी ठरलेली असे. तलाठ्याने रकान्यात काही लिहिले नाही, तरी कोरी जागा डोळ्यांसमोर राहत असे. कोरी जागा हाही एक प्रकारचा पुरावाच होय. ‘येथे कोणाचे नाव होते काय?’ असे ती विचारावयास लावते.

२०२० मध्ये शासनाने संगणकीकृत गाव नमुना सातच्या रचनेत बदल केले. त्यानुसार जमीन बिनशेती झाली असल्यास उताऱ्यातून पोटखराब क्षेत्र, जुडी व विशेष आकारणी हे रकाने, तसेच इतर हक्कांतील कूळ व खंड हे तपशील वगळण्यात आले. गाव नमुना बाराची आवश्यकता नसल्याची सूचना तेवढी येते. वेब प्रणालीच्या परिभाषेत सांगावयाचे तर एका घटकाच्या मूल्यावर इतर घटकांची दृश्यता ठरते. प्रशासकीय दृष्ट्या हे तर्कसंगतच आहे. जेथे पीक नाही, तेथे पिकांचा तक्ता कशासाठी?

गंमत अशी की, याच सुधारणेने काही गोष्टी अधिक ठळकही केल्या. मयत खातेदाराचे नाव पूर्वी कंसात टाकले जाई; आता त्यावर आडवी रेघ येते. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही दिसतो. म्हणजे खोडलेली नोंद दिसते, परंतु न मांडलेला रकाना दिसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते इतिहासाच्या अभ्यासकासाठी दुसरी बाब अधिक गंभीर आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो आणि कर्जत उपनगरी रेल्वेने मुंबईशी जोडलेले आहे. शेतघरे, वसाहती व कारखाने यांसाठी शेतजमीन बिनशेती होण्याचे प्रसंग येथे नित्याचे आहेत. अशा जमिनीवर आजोबा कूळ होते असे सांगणाऱ्या कुटुंबास जुने हस्तलिखित उतारे आणि गाव नमुना सहामधील फेरफार काढावे लागतात. त्यासाठी अर्जात काय मागावयाचे, हे सुचविणारा रकाना त्याच्या हातातील ताज्या उताऱ्यावर नसतो.