योझेफ श्मिट
योझेफ श्मिट (४ मार्च, इ.स. १९०४ – १६ नोव्हेंबर, इ.स. १९४२) हे ऑपेरातील टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाचे, ज्यू गायक होते. त्यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील बुकोव्हिना प्रांतात झाला.

कारकीर्द
चेर्नोव्हित्स येथील सिनेगॉगमध्ये प्रार्थनागायन करणाऱ्या श्मिट यांनी पुढे बर्लिनमध्ये संगीताचे शिक्षण घेतले. उंची जेमतेम दीड मीटर असल्यामुळे रंगमंचावर नायकाच्या भूमिका मिळणे त्यांना कठीण होते. रेडिओवर मात्र ही अडचण नव्हती. इ.स. १९२९ पासून बर्लिन रेडिओवर सादर झालेल्या ऑपेरांमुळे त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला. त्यांची प्रमुख भूमिका असलेला ‘आइन लीड गेट उम डी वेल्ट’ (एक गीत जगभर फिरते) हा चित्रपट ९ मे, इ.स. १९३३ रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. तोवर जर्मनीत नाझी सत्तेवर आले होते आणि ज्यू कलावंतांना रेडिओची दारे बंद झाली होती.

अखेरचे दिवस
ऑस्ट्रिया, बेल्जियम व फ्रान्स येथे आश्रय घेत इ.स. १९४२ मध्ये ते स्वित्झर्लंडला पोहोचले. तेथे त्यांना गिरेनबाड येथील निर्वासितांच्या छावणीत ठेवण्यात आले. आजारी पडल्यावर त्यांना झ्युरिकच्या रुग्णालयात नेले गेले. परंतु छातीत दुखत असल्याच्या त्यांच्या तक्रारीकडे दुर्लक्ष झाले. छावणीत परत पाठवल्यानंतर लवकरच, वयाच्या ३८ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांची ध्वनिमुद्रणे आजही उपलब्ध आहेत.