परप्रांतात शिकणारे आदिवासी विद्यार्थी : कोणता हक्क सोबत जातो?

मसाट किंवा परिसरातील वारली विद्यार्थी बारावीनंतर वापीहून रेल्वेने मुंबई गाठतो, तेव्हा तो राज्याची सीमाही ओलांडत असतो. वारली जमात महाराष्ट्रातही अनुसूचित असल्याने तेथील राज्य कोट्यातील राखीव जागा आपल्याला मिळतील, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे.

यादी प्रदेशनिहाय : राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार अनुसूचित जमातींची यादी प्रत्येक राज्यासाठी व केंद्रशासित प्रदेशासाठी स्वतंत्र असते. दादरा व नगर हवेलीची यादी १९६२ च्या आदेशाने निश्चित झाली. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा (हळपतीसह), काथोडी, कोळी ढोर व नायकडा या जमाती तीत आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार प्रदेशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के होते.

न्यायालयाची भूमिका : मुंबईतील वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये ठरवले की, हा दर्जा मूळ राज्यापुरताच असतो. दोन्ही राज्यांत एकाच नावाची जमात अनुसूचित असली तरी हाच नियम लागू होतो, हे १९९४ च्या निकालाने स्पष्ट केले. कामानिमित्त तलासरी वा जव्हारहून मसाटच्या औद्योगिक वसाहतीत आलेल्या कुटुंबांनाही तो लागू आहे. त्यांचा दर्जा महाराष्ट्राशी जोडलेला राहतो.

सोबत जाणारे हक्क : आयआयटी, एनआयटी व केंद्रीय विद्यापीठांतील ७.५ टक्के राखीव जागांसाठी मूळ प्रदेशाचा दाखला देशभर ग्राह्य असतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती परप्रांतात शिकतानाही मिळते. मात्र अर्ज मूळ प्रदेशाकडेच करावा लागतो. त्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. महाराष्ट्राची 'स्वयम्' योजना मात्र त्या राज्याच्या रहिवाशांसाठीच आहे. म्हणून घर सोडण्यापूर्वीच जमातीचा व उत्पन्नाचा दाखला काढून ठेवणे आवश्यक ठरते.

पैशापलीकडचा आधार : शिष्यवृत्तीने शुल्क भागते, परकेपणा सरत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशातील इन्युइट तरुणांसाठी ओटावा येथे १९८५ पासून 'नुनावुत सिवुनिक्सावुत' हा अभ्यासक्रम चालतो. तेथे ते आपला इतिहास, भाषा व भूमी-करार अभ्यासतात आणि सोबतीने शहरात राहण्याचा सराव करतात. सिल्वासात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय असले, तरी प्रत्येक शाखेचे शिक्षण घराजवळ मिळत नाही. ज्यांना जावेच लागते, त्यांच्यासाठी अशा पूर्वतयारीचा विचार येथेही व्हायला हवा.