कणकेची भुतं

ऑक्टोबर संपत आला की आता आपल्या गावातही शाळेतली पोरं मोबाइल पुढे करून विचारतात, “मावशी, असा भुताचा खाऊ करता येईल का?” पडद्यावर भोपळ्याला डोळे कोरलेले असतात, केकवर कोळ्याची जाळी असते. आमच्या बचत गटातल्या जुन्या बायका ते पाहून हसतात. भीतीला आकार द्यायचा आणि वाफवून खाऊन टाकायचं, हे आपल्या चुलीला नवीन नाही. आज त्याचाच इतिहास सांगतो.

सुरुवात आषाढी अमावस्येपासून करू. हल्ली तिला गटारी म्हणून हिणवतात, पण घरातल्या बाईसाठी ती दिव्यांची अवस. आभाळ भरून आलेलं, ओढ्यानाल्यांना पूर, वीज ही गोष्टच नव्हती तेव्हाचा अंधार. म्हणून समया, निरांजनं घासूनपुसून मांडायची आणि गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून तिचेही दिवे करायचे. ते वाफवायचे, पुजायचे, आणि मग तूप घालून खायचे. पुढे पाच दिवसांनी नागपंचमी. बिळांत पाणी शिरल्यावर साप बाहेर येतात, हे शेतात जाणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडायचे. आपल्या औंढा नागनाथाच्या मुलखात हे वेगळं सांगायला नको.

पण खरी भुताची मेजवानी म्हणजे पिठोरी. श्रावणातली अमावस्या, म्हणजे आपला पोळा. बाहेर बैल सजतात आणि काही घरांत आत पिठाच्या चौसष्ट योगिनी मांडतात. हल्ली बहुतेक ठिकाणी छापील चित्रावर भागतं. नाव मात्र पिठावरूनच पडलेलं आहे, आणि नैवेद्यही पिठाचाच.

तिची कहाणी आपण लहानपणी ऐकली असेल, पण मोठेपणी ऐकली की अंगावर काटा येतो. एका घरात सासऱ्याच्या वडिलांचं श्राद्ध या अमावस्येला. नेमकी त्याच दिवशी सून बाळंत होई आणि मूल दगावे. श्राद्धाचे ब्राह्मण उपाशी जात. असं सहा वर्षं झालं. सातव्या वर्षी सासऱ्याने मेलेलं मूल तिच्या ओटीत घातलं आणि तिला रानात हाकललं. रानात भेटली कोण? झोटिंगाची बायको. ती म्हणाली, माझा नवरा येईल तो तुला खाईल, पळ. सुनेने सांगितलं, त्यासाठीच आले आहे. तेव्हा त्या भुतणीलाच दया आली. तिने बेलाचं झाड आणि शिवलिंग दाखवलं. रात्री देवकन्या, नागकन्या योगिनींसह तिथे पूजेला आल्या, खीरपुरीचा नैवेद्य दाखवला आणि विचारलं, अतिथी कोण आहे? झाडावरून सून खाली उतरली, म्हणाली, मी आहे. सगळी मुलं जिवंत होऊन तिला मिळाली.

म्हणून आजही आई नैवेद्याचं ताट डोक्यावर धरून विचारते, “अतीत कोण?” मागे उभं असलेलं मूल “मी” म्हणतं आणि आई मागे न वळता त्याला खाऊ देते. घरचे हाकलतात आणि भूत वाट दाखवतं, ही कहाणी बायकांनीच पिढ्यान्‌पिढ्या जपली. बाळंतपणात मूल हाती लागेल की नाही याचा भरवसा नव्हता, त्या काळाची ही नोंद आहे, असं आम्हांला वाटतं.

तिकडे आयर्लंडमध्येही असंच. हिवाळ्याच्या तोंडावर मेलेले परत येतात म्हणून सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मुबलक मिळाला. इंग्लंडात त्याच दिवसांत मृतांच्या नावाने गोड केक गरिबांना वाटत. आपल्या पितृपक्षाचंच भावंड म्हणा.

एक गोष्ट मात्र आम्हांला खटकते. जिचं मूल गेलं तिने हे व्रत मिळवलं आणि आज जिला मूल नाही, जिचं गेलं, तिलाच या पूजेत मागे उभं करतात. आमच्या गटात पीठ मळायला सगळ्या बसतात आणि “मी” म्हणायला गल्लीतली सगळी पोरं.

भुताचा खेळ कुठे थांबवायचा, हेही बोललं पाहिजे. मराठवाड्याने भानामती फार सोसली. अंगात आलं, कपडे पेटले, दगड पडले की बोट एखाद्या एकट्या बाईकडेच जायचं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध गावोगाव काम केलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी करणी करते, मंत्राने गाईचं दूध आटवते, असा संशय पसरवणं हाही त्यात गुन्हा आहे.

भोंदूची एक करामत पोरांसमोर जरूर करून दाखवा. वसमतची हळद घरात असतेच. पाण्यात चिमूटभर हळद कालवा, वर थोडा खायचा सोडा टाका. पाणी रक्तासारखं लालसर होईल. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हळदीच्या याच गुणावर घरगुती कुंकू होत आलं आहे. हे पाणी प्यायचं नाही, फक्त पाहायचं.

खायला कणकेची भुतं करा. दोन वाट्या जाडसर कणकेला दोन चमचे तेलाचं मोहन, गुळाचं पाणी घालून घट्ट मळा. लाल रंग हवा तर बिटाचा रस. झोटिंग, योगिनी, साप, हवं ते पोरांनाच वळू द्या, वाकडंतिकडं झालं तर जास्त चांगलं दिसतं. डोळ्यांना मनुका लावा. मिरे लावू नका, दाताखाली आले की पोरं रडतात. चाळणीला तेलाचा हात लावून पंधरा-वीस मिनिटं वाफवा आणि गरम असतानाच तूप घालून वाढा. वाढताना “अतीत कोण?” विचारायला विसरू नका.